मेटालिकाचा आवाज का बदलत गेला? एकदा फक्त बेस ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन महिन्यांत मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचे सगळे अल्बम ओळीने ऐकले, पण हा एकच बँड आहे असं वाटत नाही. १९८८च्या अल्बममध्ये बेस (जाड तारांची, खालच्या स्वरांची गिटार) सापडतच नाही, १९९१चा एकदम भरदार आणि चकचकीत, २००३मधला ड्रम पत्र्याचा डबा बडवल्यासारखा, आणि २००८चा दोन गाण्यांच्या पुढे ऐकवत नाही, डोकं धरतं. जुने चाहते म्हणतात की ९१ साली हे लोक पैशासाठी बदलले. मग आवाज बदलला तो नक्की कशामुळे?

मी पुण्यात बावीस वर्षं साउंडचं काम करतोय. निम्मं काम लाइव्ह कार्यक्रमांचं, निम्मं स्टुडिओत मिक्सिंगचं, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं एकत्र जुळवायचं. मेटालिका त्याच्याही आधीपासून ऐकतोय, मित्राकडून भरून घेतलेल्या कॅसेटवर. त्यामुळे उत्तर देतोय ते चाहता म्हणून आणि कन्सोलवर, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलावर बसणारा माणूस म्हणूनही.

आधी एक गोष्ट तपासा. हे सगळं फोनच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर पुन्हा ऐका. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, तो त्या स्वराच्या वरची फक्त सावली ऐकवतो. साधे पण बरे हेडफोन घ्या. मग कळेल की तुमची १९८८बद्दलची तक्रार तरीही खरीच आहे.

आता मुख्य मुद्दा. गिटारकडे लक्ष ठेवून ऐकलं तर हे अल्बम वेगवेगळ्या बँडचे वाटणारच. तुम्ही बेसकडे लक्ष ठेवा. जेम्स हेटफिल्डची गिटार आणि गाणं, लार्स उलरिकचे ड्रम्स, कर्क हॅमेटची लीड गिटार ही माणसं पहिल्या अल्बमपासून आजपर्यंत तीच आहेत. बदलली ती एकच खुर्ची, बेसवाल्याची. त्या खुर्चीवर कोण बसलंय आणि बाकीच्यांनी त्याला किती जागा दिली आहे, यावर त्या त्या काळातला सगळा आवाज उभा आहे. माझ्या मते मेटालिकाचा इतिहास वाचायची हीच सगळ्यात सरळ वाट आहे.

१९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये उलरिकने पेपरात जाहिरात दिली आणि हेटफिल्ड त्याला भेटला. ब्रिटिश हेवी मेटल हे दोघांचंही वेड. ते अजून वेगात, अजून रागात वाजवायचं, एवढीच सुरुवातीची कल्पना होती. १९८२मध्ये तिथल्याच 'व्हिस्की अ गो गो' क्लबमध्ये त्यांनी ट्रॉमा नावाच्या बँडचा कार्यक्रम पाहिला. गिटारचा जबरदस्त सोलो चाललाय असं वाटून ते बघायला लागले, तर वाजवणाऱ्याच्या हातात बेस होता. तो क्लिफ बर्टन. त्याने यायची तयारी दाखवली, पण एका अटीवर: मी लॉस एंजेलिसला येणार नाही, तुम्ही माझ्याकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला या. एका बेसवाल्यासाठी अख्ख्या बँडने बिऱ्हाड हलवलं. यावरून काय ते समजा.

१९८३चा 'किल 'एम ऑल' न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये थोडक्या पैशांत रेकॉर्ड झाला. त्यात मधोमध एक तुकडा फक्त बेसचा आहे. सुरुवातीला 'बेस सोलो, टेक वन' असं बोललेलं तसंच ठेवलंय. डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारं) आणि वाह (आवाज उघडझाप करणारं) पेडल लावून बर्टन चार तारांवर जे करतो, ते आजही एखाद्या नव्या मुलाला न सांगता ऐकवलं तर तो गिटारच म्हणतो. मी हे बऱ्याच जणांवर करून पाहिलंय.

पुढच्या वर्षी 'राइड द लायटनिंग'. आता 'फॉर हूम द बेल टोल्स' लावा आणि पहिलं अर्धं मिनिट ऐका. घंटा वाजते, गिटारचे जड ठोके पडतात, आणि त्यांच्या डोक्यावरून एक वळवळणारी, एकेक अर्धस्वराने खाली घसरणारी ओळ येते. ती ओळ बेसची आहे. नेहमीच्या मांडणीत बेस खाली आणि गिटार वर, इथे उलटं आहे. गिटारने जमीन धरलीय आणि बेस वरून फिरतोय. डग्ग्यावर अख्खा मुखडा वाजवावा तसं हे आहे. असं करायला वाजवणारा तयार हवा आणि बाकीच्यांनी त्याला वाट द्यायला हवी. या बँडने तेव्हा दिली होती.

बर्टन बोटांनी वाजवायचा, पिक (तार छेडायची छोटी चकती) न वापरता. बोटाने तार छेडली की आवाजाला पोट येतं, कडा बोथट राहतात. हेटफिल्डच्या गिटारला अगदी हेच हवं होतं. हेटफिल्डचा उजवा हात हा या बँडचा दुसरा खांब. 'मास्टर ऑफ पपेट्स'ची लय मिनिटाला २१० ठोक्यांच्या वर आहे आणि ती रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ, तो जवळजवळ सगळी वरून खालीच मारत वाजवतो. पिक खाली-वर चालवलं तर काम निम्म्या कष्टात होतं, पण मग प्रत्येक दुसरा ठोका किंचित हलका पडतो. सगळे ठोके खालीच मारले की प्रत्येकाचं वजन सारखं राहतं आणि भिंत चालत आल्यासारखी वाटते. गिटार शिकणाऱ्या मुलांना मी सांगतो, दोन मिनिटं करून बघा, कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो. शिवाय ताल धरणाऱ्या गिटारी सगळ्या हेटफिल्डनेच वाजवलेल्या, तीच ओळ डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा. एकाच हाताच्या त्या दोन गिटारींच्या मधली आणि खालची मोकळी जागा बर्टनच्या बेसने भरलेली. १९८६च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'चा आवाज हा असा बांधलेला आहे. कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेनने तो रेकॉर्ड केला.

बर्टनने संगीताचं शास्त्र शिकलेलं होतं, बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचा त्याला नाद होता. दोन गिटारींची समांतर सुरावट, हळू सुरू होऊन मग कडाडणारी गाणी, लांबलचक वाद्यरचना, या सगळ्यात त्याचा हात मोठा. 'ओरायन' ऐका. आठ मिनिटांचं, शब्द नसलेलं. मध्यावर सगळे थांबतात आणि एकटा बेस नव्या, डुलत्या लयीत सुरू होतो. गिटारी नंतर एकेक करून त्याच्या भोवती जमतात. माझ्या दृष्टीने या बँडने केलेलं सगळ्यात सुंदर काम तेच.

२७ सप्टेंबर १९८६च्या पहाटे स्वीडनमध्ये युंगबीजवळ त्यांची बस उलटली आणि बर्टन गेला. त्याचं वय २४.

महिन्याभरात जेसन न्यूस्टेड आला. ॲरिझोनाचा, फ्लॉटसम अँड जेटसम या बँडमधला, स्वतः मेटालिकाचा कट्टर चाहता. त्याची पद्धत पूर्ण वेगळी. तो पिकने वाजवायचा आणि हेटफिल्डच्या रिफला जसाच्या तसा चिकटून राहायचा. वादक म्हणून भक्कम. पण मित्र गमावलेल्या तिघांत तो नवा होता, आणि त्यांनी त्याला बराच काळ तसंच वागवलं. हे त्यांनीच पुढे कबूल केलंय.

आता तुमचा १९८८चा प्रश्न. '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बेस का नाही? बेस आहे. रेकॉर्डही चांगला झाला होता, असं रासमुसेन सांगत आलाय. तो मिक्समध्ये दाबला गेला. मिक्स करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्पसनने नंतर उघड सांगितलं की बेस खाली घ्यायची सूचना उलरिककडून आली होती. चाहते तिथेच थांबतात आणि म्हणतात, नव्या पोराला छळलं. छळ होताच. पण कन्सोलवरून बघितलं की आणखी दोन कारणं दिसतात, आणि तुम्ही आवाजाबद्दल विचारलंय म्हणून ती नीट सांगतो.

पहिलं कारण गिटारचा टोन. हेटफिल्डने या अल्बमला गिटारमधले मिड जवळपास काढून टाकले. म्हणजे आवाजाचा मधला भाग, जिथे माणसाचा गळा बोलतो, तो खोल खणला आणि वरचा खरखरीत भाग आणि खालचा धमाका दोन्ही फुगवले. अशी गिटार एकटी ऐकली तर भन्नाट वाटते. पण तिने खाली जी जागा व्यापली ती बेसची. आणि न्यूस्टेड तर त्याच रिफचे तेच स्वर, त्याच क्षणी, पिकने वाजवत होता. दोघे एकाच जागेत एकच गोष्ट बोलत असतील तर जो मोठा तोच ऐकू येतो. बर्टनचा बेस स्वतःची वेगळी ओळ घेऊन चालायचा, म्हणून कमी आवाजातही उठून दिसायचा. त्यात उलरिकच्या किक ड्रमला, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला, टकटक असा टोकदार आवाज दिलेला, म्हणजे तळाला आधार देणारं तिथूनही काही आलं नाही.

दुसरं कारण कान. हेटफिल्डने स्वतः सांगितलंय की त्या काळात दौऱ्यांमुळे कान पार थकलेले होते. याचा मला अनुभव आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी सलग तीन रात्री मोकळ्या मैदानातले कार्यक्रम केले आणि चौथ्या दिवशी सकाळी एका गायकाचं गाणं मिक्सला घेतलं. थकलेल्या कानाला सगळ्यात आधी वरचा भाग कमी ऐकू येतो. त्यामुळे मी वरचं वाढवत गेलो, 'अजून स्पष्ट, अजून स्पष्ट' करत. मला मिक्स झकास वाटला. दोन दिवस झोप झाल्यावर ऐकला तर कानाला सुया टोचाव्यात तसा कोरडा आणि खाली काहीच नाही. मी तो पुसून पुन्हा केला. 'जस्टिस' ऐकताना मला दर वेळी ती सकाळ आठवते.

ढोल-ताशा पथकातले सगळे ढोल बाजूला काढा आणि नुसते ताशे उभे करा. ठेका सगळा कळेल, हातांची सफाई जास्तच दिसेल, पण छातीत काही हलणार नाही. 'जस्टिस' असा आहे. तरीही तो वाईट अल्बम आहे असं मी कधीच म्हणणार नाही. रचना म्हणून ते त्यांचं सगळ्यात गुंतागुंतीचं काम आहे आणि 'वन' हे त्यांचं कदाचित सगळ्यात चांगलं बांधलेलं गाणं. त्या कोरड्या, बर्फासारख्या आवाजाचं गाण्यांच्या विषयांशी जमतंही. २०१८मध्ये अल्बम नव्याने मास्टर करून (तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवून) आला तेव्हाही त्यांनी बेस वाढवला नाही. तो तेव्हाचा दस्तऐवज आहे, तसाच राहू दे, अशी भूमिका घेतली. मला ती पटते.

मग १९९१. इथे जुन्या चाहत्यांशी माझं पटत नाही.

'जस्टिस'चं शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं आहे. ते रोज स्टेजवर वाजवताना आपण स्वतः कंटाळतोय आणि समोरच्या रांगाही थंड पडताहेत, हे या लोकांच्या लक्षात आलं होतं. एक दिशा टोकापर्यंत जाऊन संपली होती. त्याच सुमाराला उलरिकच्या कानावर मॉटली क्रू या बँडचा १९८९चा 'डॉ. फीलगुड' पडला. मेटालिकाचे चाहते ज्या बँडकडे नाक मुरडायचे तोच बँड, पण त्या अल्बमचा तळ असा होता की खोली भरून जावी. तो बॉब रॉक या निर्मात्याने केलेला. आधी मेटालिकाने रॉकला फक्त मिक्सिंगसाठी विचारलं. तो म्हणाला, करायचं तर सगळं रेकॉर्डिंग मी करतो.

ऑक्टोबर १९९० ते जून १९९१ ते नॉर्थ हॉलीवूडच्या वन ऑन वन स्टुडिओत होते. रॉकने केलेले बदल दिसायला साधे आहेत. पहिला, सगळ्यांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं. तोवर यांची पद्धत होती की आधी ड्रम्स, मग त्यावर गिटारींचे थर, बेस सगळ्यात शेवटी आणि एकट्याने. दुसरा, न्यूस्टेडला गिटारच्या मागे पळणं थांबवून ड्रमबरोबर चालायला सांगितलं. म्हणजे बेस आणि किक एक झाले आणि गिटार मोकळी झाली. एवढ्यानेच अर्धं काम झालं. ऐकायचं असेल तर 'द गॉड दॅट फेल्ड'ची सुरुवात घ्या. बेस एकटा, पुढे, घट्ट. तीन वर्षांपूर्वीच्या अल्बममध्ये हा माणूस होता यावर विश्वास बसत नाही. 'माय फ्रेंड ऑफ मिझरी' तर त्याच्याच बेसच्या ओळीतून जन्मलेलं आहे.

तिसरा बदल पट्टीचा. रॉकच्या लक्षात आलं की यांची गाणी जवळजवळ सगळी एकाच स्वरावर, ई वर बांधलेली आहेत. कारण गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा स्वर तोच. त्याने 'सॅड बट ट्रू'साठी वाद्यं एका पूर्ण स्वराने उतरवायला लावली. गिटारची खालची तार ८२ हर्ट्झवरून ७३वर आली. आकडा लहान आहे, पण हेडफोन लावून 'एंटर सँडमन'नंतर लगेच 'सॅड बट ट्रू' लावा. क्रमही अल्बममध्ये असाच आहे. पहिला ठोका पडताच मजला खचल्यासारखा वाटतो. लय संथ, मधे मोकळी जागा, आणि त्या जागेत खालचा आवाज पूर्ण फुलून विझेपर्यंत ऐकू येतो. जोरात वाजवलं म्हणजे जड वाटतं असं नाही. मिनिटाला २१०च्या लयीत खालच्या स्वराला फुलायला वेळच मिळत नाही. तो वेळ रॉकने मिळवून दिला.

हे सोपं नव्हतं. ड्रम्सचे टेक पन्नासच्या घरात गेले, अल्बम तीनदा मिक्स झाला, भांडणं इतकी झाली की पुन्हा या माणसाबरोबर काम करायचं नाही असं दोन्ही बाजूंनी ठरवलं होतं. ज्याला फक्त पैसा हवाय तो इतका त्रास घेत नाही. १२ ऑगस्ट १९९१ला काळ्या मुखपृष्ठाचा तो अल्बम आला. एकट्या अमेरिकेत त्याच्या दीड कोटींहून कितीतरी जास्त प्रती गेल्या. पैसा आला, खरंच आला. पण तो आला ते गाणी लहान आणि तळ भक्कम झाल्यावर, ज्यांनी आयुष्यात मेटल ऐकलं नव्हतं त्यांच्याही छातीत तो ठोका बसला म्हणून. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कितीतरी कॉलेजांतल्या मुलांची गिटार 'नथिंग एल्स मॅटर्स'च्या पहिल्या चार मोकळ्या तारांपासून सुरू झाली. माझ्या वर्गातल्या दोघांची तरी नक्कीच.

'लोड' आणि 'रीलोड', १९९६ आणि ९७. केस कापले म्हणून लोक चिडले आणि आवाजाकडे कुणी बघितलं नाही. इथली महत्त्वाची गोष्ट म्हणजे हॅमेटने पहिल्यांदा ताल धरणारी गिटारही वाजवली. डावीकडे एकाचा हात, उजवीकडे दुसऱ्याचा. त्यामुळे भिंतीसारखा सलग आवाज गेला आणि ब्लूजकडे झुकलेला, सैल, डुलणारा आवाज आला. गाणी मात्र प्रमाणाबाहेर जास्त. दोन अल्बममधून एक काढला असता तर आज त्याचं कौतुक झालं असतं. १९९९मध्ये मायकेल केमेन या संगीतकाराबरोबर सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीला घेऊन केलेले बर्कलीचे कार्यक्रम त्या काळातले मला सगळ्यात आवडतात.

जानेवारी २००१मध्ये न्यूस्टेडने बँड सोडला. चौदा वर्षं स्टेजवर मान झटकून शरीराचे हाल झालेले, आणि बाहेर स्वतःचा छोटा बँड करायला हेटफिल्डची हरकत. पुन्हा ती खुर्ची रिकामी. त्याच वर्षी हेटफिल्ड व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी गेला आणि काम कित्येक महिने थांबलं.

'सेंट अँगर', २००३. या अल्बममध्ये बँडला बेसवालाच नाही. बेस वाजवलाय बॉब रॉकने, निर्मात्याने. तुम्हाला खटकलेला तो डबा म्हणजे स्नेअर ड्रम. स्नेअरच्या खालच्या पडद्याला बारीक तारांची एक पट्टी लागून असते. वर काठी पडली की ती थरथरते आणि आपल्याला ओळखीचा 'छट्' आवाज मिळतो. बाजूचा खटका खाली केला की तारा सुटतात आणि उरतो तो नुसता उघडा टणत्कार. उलरिकने तारा सोडलेल्याच ठेवून अख्खा अल्बम वाजवला. त्यात गिटारचा एकही सोलो नाही, आणि गिटार थेट सी या स्वरापर्यंत उतरवलेल्या, म्हणजे ६५ हर्ट्झ. गिटार एवढी खाली आली की बेसला आणखी खाली ३३ हर्ट्झच्या आसपास जावं लागतं, जिथे बहुतेक स्पीकर हात टेकतात. मग कानाला काय मिळतं? वर टणटण, मधे चिखल, खाली पोकळी. सव्वा तास. सलग ऐकणं मलाही कठीण जातं. पण तो अल्बम खोटा नाही. एकमेकांशी धड बोलूही न शकणाऱ्या तीन माणसांचा तो आवाज आहे, आणि तो तसाच लागतो.

रेकॉर्डिंग संपत आल्यावर, फेब्रुवारी २००३मध्ये रॉबर्ट ट्रुहियो आला. बोटांनी वाजवणारा. बर्टननंतर पहिल्यांदा. २००६च्या दौऱ्यात त्यांनी 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला आणि तेव्हा 'ओरायन' स्टेजवर प्रथमच पूर्ण वाजलं. वीस वर्षं ते थांबलं होतं.

२००८च्या 'डेथ मॅग्नेटिक'ने तुमचं डोकं धरतं, त्याला कारण आहे. रिक रुबिन या निर्मात्याने बँडला जुन्या वळणाकडे नेलं, लांब गाणी परत आली, सोलो परत आले, पट्टीही बहुतेक गाण्यांत पुन्हा मूळ ई. गाणी चांगली आहेत. पण संगणकावर एखाद्या गाण्याची आकृती उघडून बघा. एरवी त्यात डोंगर आणि दऱ्या दिसतात, ठोका उंच, मधली जागा खोल. इथे वरपासून खालपर्यंत एक ठोकळा दिसतो, कडा करवतीने कापल्यासारख्या सपाट. दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा आपलं मोठं लागावं या चढाओढीत सगळंच इतकं वर नेलं की ठोक्यांची टोकं छाटली गेली. छाटलेल्या टोकाला कान खरखर म्हणून ऐकतो आणि थकतो. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सनने सांगितलं की त्याच्याकडे आलं तेव्हाच ते असं झालेलं होतं. गंमत अशी की 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेमसाठी याच गाण्यांचे वेगळे ट्रॅक दिलेले होते आणि त्यात टोकं शाबूत होती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून फरक जगाला दाखवला. पुढच्या 'हार्डवायर्ड'मध्ये, २०१६ साली, आवाज पुन्हा बराच माणसाळला. २०२३च्या '७२ सीझन्स'मधलं शेवटचं 'इनामोराटा' तर अकरा मिनिटांहून मोठं, त्यांचं स्वतःचं सगळ्यात लांब गाणं. मध्यावर सगळे ओसरतात आणि ट्रुहियोचा बेस उरतो. ओळख पटते ना?

३० ऑक्टोबर २०११ला ते बंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर वाजले. दोनच दिवस आधी गुडगावचा कार्यक्रम रद्द झालेला, त्यामुळे सुरू होईपर्यंत धाकधूक होती. आम्ही पाच जण पुण्याहून गेलो होतो. मी मुद्दाम कन्सोलच्या तंबूजवळ उभा राहिलो, कारण मैदानात सगळ्यात समतोल आवाज तिथे मिळतो. 'वन' सुरू झालं. अल्बमवर मी हे गाणं शेकडो वेळा ऐकलं असेल, पण त्याच्या खाली काय आहे ते मला पहिल्यांदा त्या दिवशी ऐकू आलं. शेवटच्या भागात किकचे ते सहा-सहाचे फटके सुरू झाले आणि त्यांच्याखाली बेस होता, पूर्ण, जाड, जमिनीतून पायात येणारा. गाण्यात तेवीस वर्षं मोकळी राहिलेली जागा भरलेली होती. शेजारचा मित्र ओरडत होता आणि मी गप्प उभा होतो.

ऐकायचा क्रम विचारलात तर असा धरा: 'बेल टोल्स', 'ओरायन', मग 'वन' अल्बमवरचं आणि लगेच त्याचं कुठलंही बरं लाइव्ह रेकॉर्डिंग, मग 'द गॉड दॅट फेल्ड' आणि 'सॅड बट ट्रू', आणि 'इनामोराटा'. सगळ्यात शेवटी सप्टेंबर २०१९चा सिम्फनीबरोबरचा दुसरा कार्यक्रम शोधा, सॅन फ्रान्सिस्कोच्या चेस सेंटरमधला. त्यात एका क्षणी बँड स्टेजवर नसतो. सिम्फनीचा मुख्य डबल बेस वादक स्कॉट पिंगल एकटा उभा असतो, उभ्या इलेक्ट्रिक बेसला डिस्टॉर्शन लावून, आणि तो क्लिफ बर्टनचा १९८३चा तोच बेस सोलो वाजवतो. हेडफोन लावून ऐका.